बायबल, वावर आणि राखण : ख्रिस्ती धर्म आणि निसर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. आता पाच एकर वावर आणि रविवारची मुलांची शाळा, एवढंच हातात आहे. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळं कुणाला ख्रिस्ती धर्माबद्दल काही विचारायचं असलं की "बाईंना विचारा" असं होतं. कुणी लग्नाच्या मांडवात विचारतं, कुणी कापूस मोजता मोजता. कॉलेजची पोरं फोनवर काहीबाही वाचून भांडायलाच येतात. ती मला जास्त आवडतात. निसर्गाबद्दलचे प्रश्न अलीकडं फार वाढले, म्हणून इथं एकत्र लिहून ठेवते. मी पाळक नाही. वाचलेलं आणि वावरात पाहिलेलं तेवढं सांगते.

बाई, बायबलात तर सरळ लिहिलंय की पृथ्वी सत्तेखाली आणा. मग जंगल तोडायला तुमच्याच देवानं परवानगी दिली ना?

लिहिलंय खरं. उत्पत्ती 1:28. ते वचन गुळगुळीत करून सांगणारे उपदेशक मी ऐकलेत, पण मला ते पटत नाही. मूळ हिब्रूत दोन क्रियापदं आहेत, 'काबाश' आणि 'रादा', आणि दोन्ही कडक आहेत. यिर्मयाच्या 34व्या अध्यायात लोक आधी गुलामांना सोडतात आणि मग मन बदलून पुन्हा गुलामीत आणतात, तिथं हेच 'काबाश' आहे. 'रादा' म्हणजे राज्य करणं. पण राज्य कसलं, तेही बायबल सांगतं. यहेज्केल 34 मध्ये देव मेंढपाळांवर संतापतो तो कळपावर जुलमानं 'रादा' केलं म्हणून. आणि स्तोत्र 72 मधला ज्याचं 'रादा' समुद्रापासून समुद्रापर्यंत चालतं तो राजा कापलेल्या गवतावर पाऊस पडावा तसा येतो, आणि गरिबाचा वाली होतो.

बहुतेक अभ्यासकांच्या मते उत्पत्तीचा हा पहिला अध्याय इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आगेमागे, बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे यहूद्यांना जिंकून बाबेलला नेलं त्या काळाच्या, छायेत लिहिला गेला. लिहिणाऱ्यांचं घरदार गेलेलं, देऊळ जळालेलं. त्या मुलखात बहुधा राजालाच देवाची प्रतिमा म्हणत. या लोकांनी ते प्रत्येक माणसाबद्दल म्हटलं. आणि पुढचं वचन पाहा, 1:29. माणसाला खायला बी आणि फळं दिली, बस. मांस खायची मुभा येते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. ज्या सत्तेत कोंबडं कापायचीसुद्धा परवानगी नव्हती, तिच्यातून जंगलतोडीचा परवाना काढायचा म्हणजे बरीच ओढाताण करावी लागते. ती ओढाताण लोकांनी केली, शतकानुशतकं केली, हेही तितकंच खरं.

तुम्ही नेहमी दुसरंच वचन सांगता. ते कोणतं?

उत्पत्ती 2:15. देवानं माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हे दोन शब्द कुठून उचलले कोण जाणे, पण आमच्याकडं हे दोन्ही शब्द पुस्तकातले नाहीत, वावरातले आहेत.

हिब्रूत ते 'आबाद' आणि 'शामार'. 'आबाद' म्हणजे राबणं, चाकरी करणं. देवाच्या सेवेलाही हाच शब्द. आणि माणूस म्हणजे 'अदाम', माती म्हणजे 'अदामा', म्हणजे मातीतून आलेल्याला मातीचीच चाकरी लावली. 'शामार' म्हणजे राखणं. भावाला ठार मारणारा काइन पुढं देवापाशी कुरकुरतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तो शब्द याच धातूचा. उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून जो आशीर्वाद देतात, परमेश्वर तुझं संरक्षण करो, त्यातही हाच.

माझे वडील सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं, वर्षाचे पैसे आणि थोडी ज्वारी. डिसेंबरात तूर शेंगांवर आली की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) उतरायचे. मग वडील रात्री मचाणावर. खाली तुराट्यांची शेकोटी, हातात फुटका तेलाचा डबा आणि एक काडी. डबा वाजला की गावात ऐकू यायचा. आई तो ऐकतच झोपायची. डबा थांबला की उठून बसायची. थांबला म्हणजे वडिलांना डोळा लागला, नाहीतर काही झालं. थोड्या वेळानं पुन्हा वाजला की आडवी व्हायची. सकाळी वडील यायचे तेव्हा घोंगडीला धुराचा वास आणि डोळे लाल. वावर मालकाचं, तूर मालकाची, झोप मात्र यांची गेलेली. मला 'शामार' शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागला नाही.

निसर्गाच्या नाशाला ख्रिस्ती धर्म जबाबदार आहे असं म्हणतात. हे कुणी म्हटलं आणि का?

लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं. मध्ययुगातल्या यंत्र-अवजारांचा तो अभ्यासक. 26 डिसेंबर 1966 ला त्यानं वॉशिंग्टनमध्ये एक व्याख्यान दिलं आणि ते 10 मार्च 1967 च्या 'सायन्स' या साप्ताहिकात छापून आलं. पाचेक पानांचाच लेख, पण धर्म आणि पर्यावरण या विषयावर गेल्या साठ वर्षांत जे काही लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळ त्याला उत्तर म्हणून किंवा त्याची री ओढत लिहिलं गेलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जगानं पाहिलेल्या धर्मांत पश्चिमेकडचा ख्रिस्ती धर्म सगळ्यात माणूसकेंद्री. पूर्वी प्रत्येक झाडाला, ओढ्याला, टेकडीला आपला आत्मा होता. झाड तोडण्याआधी त्याची समजूत काढावी लागे. ख्रिस्ती धर्मानं ते आत्मे हाकलले आणि झाड नुसतं लाकूड झालं.

मला त्याच्या लेखातला नांगराचा भाग सगळ्यात भारी वाटतो. उत्तर युरोपात सातव्या शतकाच्या सुमारास जड नांगर आला. माती खोल उलथणारा, आठ आठ बैल लागणारा. एका घरी आठ बैल कुठून असणार? मग लोकांनी बैल एकत्र जुंपले आणि जमीन वाटली ती कुटुंबाच्या गरजेप्रमाणं नाही, तर ज्याचे जितके बैल तितकी. माणसाचं जमिनीशी असलेलं नातं तिथं फिरलं, असं व्हाइट म्हणतो. आमच्याकडं वखर जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हा धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळी का गेल्या, हे ज्यानं पाहिलंय त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. आमच्याही धुऱ्यावरच्या तीन गेल्या. मीच तोडायला सांगितल्या.

व्हाइट धर्माचा शत्रू मात्र नव्हता. तो स्वतः ख्रिस्तीच होता, आणि लेखाच्या शेवटी त्यानं सुचवलं की असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत करा. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं.

मग व्हाइट बरोबर होता का?

अर्धा. पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये, यी-फू तुआन या भूगोलाच्या अभ्यासकानं त्याला चांगलं उत्तर दिलं. चीनकडं पाहा म्हणाला. ताओ आणि बुद्धाच्या विचारात निसर्गाबद्दल केवढा आदर, तरी तिथली जंगलं गेलीच. बौद्ध धर्माबरोबर प्रेतं जाळण्याची चाल आली आणि दहाव्या ते चौदाव्या शतकात आग्नेय किनाऱ्यावर लाकडाची टंचाई झाली. पाइनची झाडं जाळून काजळी धरायची आणि तिची शाई करायची. म्हणजे निसर्गावरच्या सुंदर कविता लिहायलाही जंगल जळत होतं! धर्म काय शिकवतो आणि माणसं काय करतात यातली दरी सगळीकडं आहे, असा त्याचा मुद्दा.

मला तो पटतो. नदीला आई म्हणणाऱ्या गावाचा सांडपाण्याचा नाला कुठं जातो ते आम्ही रोज पाहतो. पण तुआनच्या आड लपायची ख्रिस्ती माणसांना हौस असते, ती बरी नाही. आठव्या शतकात बोनिफेस या मिशनऱ्यानं जर्मनीत गाइस्मार इथं लोकांचं पूज्य ओकचं झाड कुऱ्हाडीनं पाडलं आणि त्याच लाकडाचं प्रार्थनास्थळ बांधलं. ही गोष्ट चर्चनं शतकानुशतकं अभिमानानं सांगितली. एखाद्या गोंड म्हाताऱ्याला ती सांगून बघा, तो काय म्हणतो.

चर्चनं जंगल राखल्याचं एक तरी उदाहरण आहे का?

इथिओपिया. तिथल्या जुन्या ऑर्थोडॉक्स देवळांभोवती (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) जंगलाचं वर्तुळ राखलेलं असतं. उत्तरेकडच्या भागात बाकी सगळं रान शेतीखाली आणि चराईखाली गेलं. वरून पाहिलं तर पिवळ्या मातीत हिरवे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध देऊळ. आपल्या देवराईसारखंच. झाड तोडायचं नाही, कारण ते देवळाचं वस्त्र आहे, अशी तिथली समजूत. हाच धर्म, हेच बायबल. म्हणून कुणी "ख्रिस्ती धर्म असा" म्हटलं की मी विचारते, कुठला? बोनिफेसचा की इथिओपियाचा?

माणूस निसर्गाचा 'कारभारी' आहे, असं आमचे पाळक सांगतात. ते बरोबर का?

चर्चमध्ये सगळ्यात जास्त चालणारा हाच शब्द. मालक देव, माणूस कारभारी, हिशेब द्यावा लागेल. नुसत्या मालकीपेक्षा हे नक्कीच बरं. पण अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. क्लेअर पामर यांनी 1992 मध्ये त्यावर कडक टीका केली. या चित्रात देव दूर राहणारा जमीनदार होतो, माणूस त्याचा दिवाणजी, आणि निसर्ग नुसती मालमत्ता.

आमच्या भागात हे पटकन कळतं, कारण हा मालगुजारीचा, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचा, मुलूख. मालगुजार नागपुरात, वाड्यात. गावात त्याचा दिवाणजी. त्या दिवाणजीबद्दल जुन्या माणसांना विचारा, 'कारभारी' शब्दाची सगळी गोडी उतरेल.

माझं मत विचाराल तर 2:15 मधला माणूस कारभारी नाहीच, सालदार आहे. 'आबाद' चाकरीचाच शब्द. सालदाराला सातबारा नसतो, पण कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठं चोपण आहे, कुठल्या बैलाचा खांदा सुजलाय, हे मालकाला नाही, त्याला माहीत असतं. या उपमेत एक मोठी खोट आहे, ती मीच सांगते. खरे सालदार लुबाडले गेले. माझ्या वडिलांना वर्षात सुटी म्हणून मिळायची ती पोळ्याची, आणि तीही बैलांची म्हणून.

ख्रिस्ती लोक पोळा करतात का?

बैलाची पूजा आमच्याकडं होत नाही. बाकी सगळं होतं. बैल नदीवर नेऊन धुणं, खांद्याला तूप-हळद चोळणं, शिंगं रंगवणं, झूल घालणं, पुरणपोळी चारणं. जुन्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी यालाही मनाई केली होती. झूल म्हणजे मूर्तिपूजा, असं काहीसं. मला ते कधी कळलं नाही. चौथी आज्ञा नीट वाचा. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या सातव्या दिवसाची, विश्रांती फक्त माणसाला नाही. निर्गम 23:12 मध्ये तर कारणच दिलंय की तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा. आणि अनुवाद 25:4: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. ज्यानं खळ्यात बैल फिरवलाय त्याला माहीत आहे की मुसकं काढलं की बैल दर फेरीला तोंड मारतो आणि धान्य जातं. कायदा म्हणतो, जाऊ दे. ते त्याचं आहे.

वर्षातून एक दिवस पोळा करणाऱ्यांनी आणि आठवड्यातून एक दिवस शब्बाथ पाळणाऱ्यांनी एकमेकांकडं बोट दाखवण्यासारखं यात काही नाही. आता बैलच उरले नाहीत, हा वेगळा प्रश्न.

सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, हे बायबलचं सांगणं आज कसं जमेल?

जसंच्या तसं जमणार नाही. पीककर्ज घेतलेल्या माणसाला वर्षभर वावर पडीक ठेव म्हणणं ही थट्टा होईल. पण लेवीय 25 नुसतं पडीकाबद्दल नाही. सहा वर्षं पेरणी, सातव्या वर्षी जमिनीला विसावा, आणि त्या वर्षी जे आपोआप उगवेल ते मालकाचं, चाकराचं, उपऱ्याचं आणि रानातल्या जनावरांचंही. पन्नासाव्या वर्षी योबेल: कर्जापायी गेलेली जमीन मूळ घराला परत. सावकारानं लिहून घेतलेली जमीन आपोआप परत येते, असा कायदा आमच्या भागात वाचून दाखवला की माणसं दोनदा वाचायला लावतात. कारणही तिथंच दिलंय, 25:23: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडं उपरे आहात. हा कायदा प्रत्यक्षात कितपत पाळला गेला, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कुणीतरी तो लिहून ठेवला.

जमण्यासारखं आहे ते लेवीय 19:9. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची. आमच्याकडं याला सरवा म्हणतात. बायबलातल्या रूथची सगळी गोष्टच सरव्याची. माझ्या लहानपणी उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा संपला, की ज्यांना वावर नाही त्या बाया दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या झाडांत, शिरायच्या आणि राहिलेली कवडी बोंडं वेचायच्या. कुणी हटकत नसे. त्या कापसाच्या पैशातून आईनं मला पाटी घेतली होती.

आता एक अडचण आहे. गुलाबी बोंडअळीमुळं कृषी विभाग सांगतो की फरदड (हंगाम संपल्यावरही त्याच पऱ्हाटीचं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर अळी पुढच्या हंगामात जाते. त्यामुळं शेवटचा वेचा झाला की दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर. सरव्याला वेळच उरत नाही. मी आमच्या वावरात आठ दिवस थांबते आणि तसं वस्तीत सांगते. आठ दिवसांत अळीचं काही बिघडत नाही.

वाघाबद्दल बायबल काय म्हणतं?

वाघ बायबलात नाही. सिंह आहे. पण प्रश्न कुठून येतो ते ठाऊक आहे. आमच्या नदीच्या पलीकडं, राळेगाव तालुक्यात, 2 नोव्हेंबर 2018 ला अवनी वाघिणीला गोळी घातली. तिच्यावर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मुंबईत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, तिकडच्या गावांत फटाके फुटले. दोन्हीकडची माणसं खोटी नव्हती.

उत्पत्ती 9 मध्ये देव नोहाशी करार करतो तो एकट्या माणसाशी नाही. पक्षी, गुरं आणि रानातलं प्रत्येक जनावर त्यात आहे. ईयोबाच्या पुस्तकात देव विचारतो, सिंहिणीला शिकार कोण मिळवून देतं? जिथं माणूसच नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतं? म्हणजे पाऊस आपल्या पेरणीसाठीच पडतो, ही आपली समजूत.

पण मला सगळ्यात कामाचं वाटतं ते स्तोत्र 104. त्यात वेळापत्रक दिलंय. अंधार पडला की रानातली जनावरं बाहेर पडतात, सिंह भक्ष्य मागतात. सूर्य उगवला की ते गुहेत परततात आणि माणूस कामाला बाहेर पडतो, संध्याकाळपर्यंत. रात्र त्यांची, दिवस आपला. आता आमच्याकडं काय होतं? कृषिपंपाची वीज बऱ्याचदा येते ती रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन वावरात, अगदी वाघाच्या पाळीत. हजारो वर्षांपूर्वीच्या कवीला जे साधं कळलं होतं ते विजेचं वेळापत्रक करणाऱ्यांना कळू नये, याचं नवल वाटतं. वाघ मारायचा की नाही, याचं उत्तर माझ्याकडं बायबलमधून नाही. दिवसा वीज द्या, एवढं मात्र आहे.

शेवटी जग जळूनच जाणार, मग झाडं लावून काय उपयोग?

हा प्रश्न आमच्याच माणसांचा. आधार 2 पेत्र 3:10 चा: तत्त्वं तापून लयास जातील, पृथ्वी जळून जाईल. पण 'जळून जाईल' हे सगळ्या जुन्या हस्तलिखितांत नाही. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रतींत तिथं 'सापडेल' किंवा 'उघडी पडेल' अशा अर्थाचं क्रियापद आहे, आणि आजचे बहुतेक अभ्यासक तेच जुनं मानतात. म्हणजे नाशापेक्षा झडतीचं चित्र. रोम 8 मध्ये पौल म्हणतो की सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हते आहे. कण्हणारी बाई मरायला नाही, बाळंत व्हायला टेकलेली असते. आणि प्रकटीकरण 11:18 तर उलटंच सांगतं: पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होईल.

हे सगळं विदेशी फॅड नाही का? पोपनं पत्र लिहिलं म्हणून?

पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पत्र 18 जून 2015 ला निघालं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश वेगळे ऐकू नका, हा त्याचा गाभा. नाव घेतलंय ते असिसीच्या फ्रान्सिसच्या गीतावरून. जवळजवळ आंधळा झाला असताना, 1225 च्या सुमारास, त्यानं सूर्याला भाऊ, पाण्याला बहीण आणि शेवटी मरणालासुद्धा बहीण म्हटलं. ऑर्थोडॉक्स चर्चनं 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस 1989 मध्येच ठरवला, आणि त्यांचे धर्माध्यक्ष बार्थोलोम्यू यांनी 1997 मध्ये निसर्गाची नासधूस हे पापच आहे असं स्पष्ट सांगितलं. प्रोटेस्टंटांचं म्हणाल तर जोसेफ सिटलर या लूथरन माणसानं कलस्सैकरांस पत्राच्या आधारे ख्रिस्ताचं तारण साऱ्या सृष्टीसाठी आहे असं जगभरच्या मंडळ्यांपुढं मांडलं ते 1961 मध्ये, आणि कुठं? नवी दिल्लीत. व्हाइटच्या लेखाच्या सहा वर्षं आधी.

आणि त्याच्याही आधी आमच्या वर्ध्यात.

वर्ध्यात कोण?

जे. सी. कुमारप्पा. जोसेफ कॉर्नेलियस. सेवाग्राम बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव माहीत असतं, ख्रिस्ती लोकांना तर त्याहून कमी. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरात 1892 चा जन्म, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. गांधीजींनी 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि तो वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी चालवला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ, आणि रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप.

तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, दोन्ही 1945 ची. एक येशूच्या शिकवणुकीवर, दुसरं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्था. ही दोन एकाच तुरुंगवासात लिहिली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्यात ते म्हणतात की निसर्गातली संपत्ती दोन प्रकारची. कोळसा, तेल, खनिजं म्हणजे साठवलेलं पाणी, उपसलं की संपलं. जंगल, पीक, नदी म्हणजे वाहतं पाणी, मर्यादेनं घेतलं तर चालत राहतं. साठ्यावर जगणाऱ्या समाजात भांडणं आणि युद्धं अटळ. आणि जगण्याच्या रीतींची त्यांनी उतरंड लावली: खाली बांडगुळासारखं दुसऱ्यावर जगणं, सगळ्यात वर परतफेडीची आशा न धरता पिलाला चारणारी पाखराची आई.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय आजही आहे. मी मुलांना तिथं नेते. गेल्या खेपेला एका मुलानं विचारलं, "हे साहेब ख्रिस्ती होते, मग आपल्या देवळात यांचा फोटो का नाही?" मी म्हटलं, लावू. अजून लावलेला नाही.

आणखी कुणी मराठी माणूस?

रेव्हरंड टिळक, म्हणजे नारायण वामन. धर्मांतर करण्याआधी काही काळ नागपुरात होते. 'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता शाळेत शिकवताना वर्गात कधीच आवाज होत नसे. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला आणि 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

जुन्या मिशनऱ्यांनी इथल्या रानाकडं कधी पाहिलं तरी का?

एकानं फारच पाहिलं. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. 1845 मध्ये ते नागपुरात आले, धर्मप्रसाराला. पण दगड फोडायची आणि जीवाश्म गोळा करायची भारी हौस. नागपूरजवळच्या टाकळीत लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात त्यांना शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. हिस्लोपाइट हे खनिज त्यांच्या नावावर आहे. गोंडांची लिंगोची गाथा त्यांनी ऐकून उतरवली. ती त्यांच्या मरणानंतर 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. मरणही रानातलंच. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. गोंडांचा धर्म बदलायला आलेल्या माणसाकडून गोंडांचीच गाथा राहून गेली, हा योगायोग त्यांना आवडला असता की नाही, सांगता येत नाही.

या विषयाचा अभ्यास कुठं होतो?

1986 मध्ये जागतिक वन्यजीव निधीनं असिसीत पाच धर्मांच्या प्रतिनिधींना एकत्र आणलं. पुढं 1996 ते 1998 मध्ये हार्वर्डला मेरी एव्हलिन टकर आणि जॉन ग्रिम या दांपत्यानं जगातल्या धर्मांवर एकापाठोपाठ दहा परिषदा घेतल्या आणि प्रत्येकीचा ग्रंथ निघाला. बायबलपुरतं पाहायचं तर ऑस्ट्रेलियात नॉर्मन हाबेल यांच्या पुढाकारानं काही अभ्यासकांनी प्रत्येक उतारा मातीच्या बाजूनं वाचला: इथं जमिनीचं ऐकलंय का, की ती नुसतीच पायाखाली आहे? गावात बसून हे सगळं मिळत नाही, पण तो प्रश्न विचारायला ग्रंथालय लागत नाही.

फवारणीबद्दल देवळात का बोलत नाही कुणी?

विचारलंत ते बरं केलं. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. आम्ही त्याला अजून 'औषध'च म्हणतो. त्या वर्षी आमच्याही वावरात दोन औषधं एकत्र करून फवारली, तोंडाला नुसता दुपट्टा. फवारणारा आमचा नेहमीचा माणूस, दुपारी म्हणाला डोळे चुरचुरतात. मी त्याला लिंबूपाणी दिलं आणि पुन्हा पाठवलं. तो बरा आहे. पण त्या रविवारी वाचनात काइनाचंच वचन होतं आणि मला ते वाचून दाखवायचं होतं.

आता वावरात मास्क, हातमोजे आणि चष्मा यांचा डबा मी स्वतः नेते. ऊन वर आलं की फवारणी बंद. आणि हंगामाच्या सणाला वेदीपुढं ज्वारी, तूर, वांगी मांडतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो, तिथं दोन वर्षांपासून मी कापसाच्या गाठोड्याशेजारी रिकामा फवारणी पंप धुऊन ठेवते. पहिल्या वर्षी एका वडीलधाऱ्यांनी तो उचलून मागं ठेवला. यंदा कुणी हलवला नाही.